ऑफलाइन

वरच्या खोलीतून श्रेणिकनं प्रिंट दिली.
खाली प्रिंटर गप्प.
"आली का?"
"न्हाई."
"आता?"
"हिरवा दिवा लागलाय नुसता."

जिन्यावर चौदा फेऱ्या.
केबल काढून फुंकर मारली,
राउटरला पाच मिनिटं झोपवलं.
वरच्या कॉम्प्युटरला खालचा दिसतो,
खालचा मात्र ओळख दाखवत नाही,
लाइट जाऊन आल्यापासून
पत्ता बदललाय म्हणे त्याचा,
एका आकड्यानं.

सकाळी सांगलीच्या यार्डात सौदा.
काकींनी मग वहीच ओढली,
हळदीच्या पोत्यांची यादी हातानं उतरवली,
शाईला पिवळी बोटं लागली.

रात्री दोनला
कुणी न सांगता
प्रिंटर खाकरला
आणि तीच यादी
एकोणीस वेळा.

काकी उठल्या नाहीत.
कूस बदलत जिन्याकडं म्हणाल्या,
"आली रे."