खिसा

उदगीर, देगलूर रोडवरची डाळमिल.
वजनकाट्याच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेय.
तुरीच्या टरफलांची पिवळी धूळ
कीबोर्डच्या फटींत उतरते,
स्पेस दाबली की करकरते.

काम सोपं आहे, कोटेशनमध्ये मीच लिहिलंय:
काट्याने आकडा द्यायचा, आकडा ऑफिसात जाईल,
तिथून एक प्रत गोदामाला, एक बिलाला,
आणि ट्रकवाल्याच्या मोबाइलवर एक मेसेज.
मधे एक रांग. संदेशांनी तीत उभं राहायचं,
ढकलाढकली करायची नाही.

काटा जुना. सिरियल केबलवर बोलतो,
एकदाच बोलतो, खाजामियाँसारखा:
ऐकलं तर ऐकलं.
त्याच्यासाठी अडॅप्टर लिहिला.
ओळीच्या शेवटी तो एक न दिसणारं अक्षर सोडतो.
त्या अक्षरापायी दोन दिवस गेले.

मग कॉन्फिग फाइलमध्ये कर्सर अडला.
पोचलं नाही तर किती वेळा पुन्हा पाठवायचं?
दोन खेपांत अंतर किती?
आणि नाहीच पोचलं तर?
मॅन्युअलमध्ये तीन लिहिलेलं असतं.
तीनच का, ते नसतं.

सटवाजी दारात उभा होता.
एकवीस वर्षं ह्या खोलीतून त्या ऑफिसात
चिठ्ठ्या नेतोय. दोनशे पावलं,
एक लिंब, आणि एक कुत्री, तिला त्याची चाल पाठ.
मी विचारलं, दार बंद असलं तर काय करता?

"बंद म्हंजे कसं बंद?
शेठ जेवूलालेत, तर उगं पायरीवर बसतो.
फोनवर बोलूलालेत, तर एक चक्कर मारून येतो.
पुन्ना बंद, तर च्या पिऊन येतो.
पुन्नाबी बंदच, तर पार बारदान्याकडं जाऊन येतो.
दर बारीला उलसं जास्ती थांबायचं, बाई.
घाईनं वाजिवलं की माणूस वैतागतो.
दारबी वैतागतं."

मी लिहिलं: अंतर, दर वेळी दुप्पट.
हेच मला पुण्यात फळ्यावर
वक्र रेघ काढून शिकवलं होतं, फी घेऊन.

आणि लाइट गेली तर?
"गेली तर जाऊ दे. चिठ्ठी हाय की हातात."
लिहिलं: संदेश डिस्कवर ठेवणे.

एकच चिठ्ठी दोनदा गेली तर?
"कशी जाईल? दिली की कोपरा फाडतेत.
फाटक्या कोपऱ्याची कुणी घेत न्हाई."
हे लिहायला मला चाळीस ओळी लागल्या.

आणि पोचलीच नाही तर?

तो गप्प. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून
एक कागद काढला, घामाने मऊ,
घड्यांवर विरलेला. कर्नाटक पासिंगची गाडी,
आकडा अर्धा पुसलेला.
"भरलेली गाडी काट्यावर चढली,
माल उतरायच्या आधी त्याला फोन आला घरून.
तशीच फिरवली, बिदरच्या रस्त्यानं.
परत आलाच न्हाई.
शेठ म्हणले, माल न्हाई तर चिठ्ठी कशाला, फेक.
पण वजन तर झालतं ना?"

न पोचलेल्यांच्या रांगेला
फ्रेमवर्क आपणहून मेलेल्या पत्रांचं नाव देतं.
मी ते खोडलं.
टाइप केलं: खिसा.

रात्री नऊला पहिला खरा ट्रक चढला.
आकडा ऑफिसात पोचला तेव्हा
खाजामियाँचं "हुआ" म्हणून व्हायचं होतं.
सटवाजी सवयीने पायऱ्या उतरला,
लिंबापर्यंत गेला, हात रिकामा बघून थांबला.
कुत्री उठली होती. ती पुढे चालत गेली.

सकाळी शेठनी स्क्रीनवर बोट ठेवलं:
सगळं हिरवं, मग खिशात हा एक कसला?
काढून टाका तेवढा.

वजन झालंय त्याचं, मी म्हटलं,
आणि बिलाचा कागद पुढे केला.