सोळा

एकोणीस वर्षं मी मेंढ्यांच्या साखळीवर होतो.
सुरी कुठे शिरते, सांधा कुठे सुटतो
हे हाताला विचारावं लागायचं नाही.
मग कारखान्याचं फाटक बंद झालं,
आणि एक्केचाळिसाव्या वर्षी
इन्व्हरकार्गिलच्या या वॉर्डात
ग्लेनिस म्हणाली, "राविरी, आधी हात धू."

धुतले.
"पुन्हा. अंगठा राहिला."

माझी निळी वही तिच्या खिशात असते.
पानोपानी चौकटी:
माणूस झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलणं,
दुसऱ्याच्या तोंडातले दात काढून घासणं, न लाजता, न लाजवता.
प्रत्येक चौकटीला तिची सही लागते
आणि ग्लेनिसच्या पेनाचं टोपण घट्ट आहे.

रात्री स्वयंपाकघरात पुस्तक.
टेबलाच्या त्या टोकाला आवातेआचं बीजगणित, या टोकाला माझी फुप्फुसं.
"बाबा, डाव्याला दोनच खण का?"
हृदयाला जागा करून द्यायला, मी म्हणतो,
आणि आठवतं, ही जागा मी हजारदा हातात धरलीय.
फक्त तेव्हा ती निवत चाललेली असायची.

श्वास मोजायची एक रीत आहे.
नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची,
घड्याळ बघतोय असं भासवायचं
आणि छाती बघायची.
सांगून मोजलं की माणूस श्वास घेत नाही,
करून दाखवतो.
"एवढी एकच लबाडी मी तुला शिकवणार," ग्लेनिस म्हणाली.

सात नंबरला मिसेस टलक. वय अठ्ठ्याऐंशी.
ब्लफ बंदरावर जन्मभर कालवं फोडलेली बाई.
गुरुवारी पहाटे काचेवर गारा ताडताड वाजत होत्या.
मी नाडी घेतली, ताप घेतला, रक्तदाब,
आणि श्वासाच्या रकान्यात लिहिलं: सोळा.
वरच्या ओळीत सोळा होते, तिच्याही वर सोळा,
सगळा कागद कसा सोळा आणे सुखरूप.

"सोळा?"
ग्लेनिसनं मला नाही, कागदालाच विचारलं.
मग खुर्ची ओढून दिली.
"पूर्ण मिनिट. मी इथेच आहे."

गळ्याखालची खळी आत ओढली जात होती.
ब्लँकेटची किनार उठायची, पडायच्या आत पुन्हा उठायची.
विसानंतर मान खाली घालावीशी वाटली,
पण घातली असती तर मोजणी चुकली असती.
अठ्ठावीस.
मी आकडा बोलेपर्यंत ती फोनपाशी पोचली होती.

उशा, ऑक्सिजन, अर्धवट झोपेतला डॉक्टर.
सांगतील ते धरत, सांगतील तिथे उभा राहिलो.
सही झाली नाही.
चौकटीत तिनं शिसपेन्सिलीनं लिहिलं: शिकतो आहे.
रागावली नाही.
रागावली असती तर घरी जाऊन
मलाही तिच्यावर रागावता आलं असतं.

रविवारी मिसेस टलक उठून बसल्या होत्या.
मी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं.
त्या माझ्या बोटावरचा जुना वण बघत होत्या.
"सुरीवाला ना तू?"
आणि आपला डावा तळवा उघडला:
शिंपल्यांच्या कडांनी कातरलेला,
नशिबाच्या रेघा कुठल्या, कालवांच्या कुठल्या, कळू नये असा.
"दिवसाला तीनशे डझन. तोंडानं गप्पा, हातानं मोजणी.
मला कळतं रे कोण काय मोजतंय ते.
हं, गप्प बसते. मोज."

आणि त्या शहाण्या मुलीसारख्या
ताठ बसून, नीट, एकसारखा श्वास घेऊ लागल्या.
बरोबर सोळा भरले.

लिहिले नाहीत.
जगमध्ये ताजं पाणी भरून आणलं, पडदा सरकवला,
खाडीकडून कुणाचीतरी बोट येत होती.
त्या तिचं नाव वाचायला डोळे बारीक करून बघू लागल्या,
मला विसरल्या,
तेव्हा पुन्हा बोटं ठेवली.