उरलेलं तेल

तळजाईच्या पायथ्याला आमची गाडी.
नावातच तळ असलेल्या टेकडीखाली
आई सव्वीस वर्षं तळते आहे.
सकाळी फिरायला गेलेले खाली उतरतात,
मनगटावरची पावलं एकमेकांना दाखवतात,
विचारतात, "काकू, तेल कुठलं वापरता?"
आणि उत्तराआधीच
दुसरी प्लेट सांगतात.

तेल मार्केटयार्डचं, पंधरा किलोचा डबा,
पामचं. शेंगतेलात तळायची म्हटली
तर तीस रुपयांत प्लेट कुठून द्यायची?
आईला तेलाची नस कळते.
पहिल्या दिवशी ते गप्प असतं,
दुसऱ्या दिवशी फेस धरतं,
तिसऱ्या दिवशी भजी पडायच्या आधीच धुरावतं.
तेव्हा ती कढई उतरवायची,
धोतराच्या फडक्यातून गाळायची
आणि म्हणायची,
गिऱ्हाइकाला हे घालणं पाप आहे.

मग ते घरी यायचं.

पितळी कळशीत, करपल्या बेसनाचा गाळ
तळाशी बसवून.
वरणाला त्याचीच फोडणी, वांग्याला तेच,
माझ्या डब्यातल्या पोळीवर फिरवलेलं बोट तेच.
शाळेत मुली म्हणायच्या,
तुझ्या भाजीला हॉटेलसारखी चव असते गं.
मी मान ताठ करायची.

आता मी बिबवेवाडीच्या लॅबमध्ये रक्त फिरवते.
दहा मिनिटांत लाल ते खाली बसतं,
वर उरतं पातळ, निवळ,
गव्हाच्या काडीच्या रंगाचं.
अण्णांच्या नळीत वर दूध निघालं.
बारा तास उपाशी माणूस, आणि दूध.
तेजल म्हणाली, "कुणाचं हे? लग्नात जेवून आला वाटतं."
मी अंगठ्याने नाव झाकलं.
ट्रायग्लिसराइड सहाशे बारा.
एलडीएलच्या रकान्यात आकडाच नाही.
एवढ्या स्निग्धात त्याचा हिशोब लागत नाही.

डॉक्टर पाटसकर भला माणूस.
म्हणाले, एकट्या तेलाला फासावर देऊ नका.
चहा किती? आठ कप.
साखर? अण्णा छताकडे बघू लागले.
भात? दोन्ही वेळा. चालणं?
गाडीपाशी उभं राहणं, ते धरता का?
डॉक्टर हसले, अण्णाही हसले.
आई "पुन्हा पुन्हा तापवलेलं" या शब्दांशी थांबली होती,
तिथून पुढे तिने काही ऐकलंच नाही.

घरी येऊन कळशी घासली.
राखेने, चिंचेने, सोड्याने.
शेवटी भंगारवाल्याला दिली.
त्याने तोंड आत घालून हुंगलं,
म्हणाला, "भजी?"

आता काळं तेल मुनाफ नेतो,
किलोमागे पैसे मोजून. त्याचं डिझेल होतं.
"इंजिनाला चालतं," आई म्हणते.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणते,
"इंजिनाला चालतं ते."

घरात करडईची बाटली, तिच्यावर मार्करच्या रेघा.
माणशी महिन्याला अर्धा लिटर,
रेघ लवकर आली तर शेवटचे चार दिवस
भाज्या पाण्यावर.
जेवणात जवसाची चटणी. रविवारी
भातावर चमचाभर तूप,
ते अण्णा डोळे मिटून खातात,
बाकी सहा दिवस म्हणतात, वरण अळणी झालंय.
मीठ तेवढंच आहे.
काय कमी आहे ते तिघांनाही माहीत आहे,
आणि मलाही, देवाशपथ, तेच हवं असतं.

आज दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं.
रबराचं एक टोक दातांत धरून
मी माझाच दंड बांधला.
नळीवर नाव लिहिलं नाही.

मशीन गुणगुणतंय.
अजून चार मिनिटं.