म्हशीचं

काकाची पत्रं आजोबांच्या नावानं यायची.
तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग,
मग गाभण म्हैस, मग रताळ्याचे वेल,
मग भाऊबंदानं सरकवलेला बांध,
आणि तळाला, घडी पडते तिथं,
'घरातल्या मंडळींस आशीर्वाद.'
त्या मंडळींत काकी होती.

मी पाचवीत. बेकिनकेऱ्यात आमच्या घरी
न अडखळता वाचणारी मीच एकटी.
काकी भाकरी थापता थापता थांबायची.
"शेवटचं परत वाच गे."
मी परत वाचायची, आशीर्वाद.
भाकरी पुन्हा फिरायला लागायची.

ती बैलहोंगलकडची. माहेरी निंगव्वा,
आमच्यात नर्मदा.
ताटातल्या तांदळावर ते नाव लिहिलं
तेव्हा तिला ते वाचता आलं नव्हतं म्हणे.
शाळा तिसरीपर्यंत, तीही तिकडच्या अक्षरांत.

दिवाळीनंतर एक इनलँड आलं, थेट काकीच्या नावावर.
पत्ता नेहमीचा: जिल्हा बेळगाव, म्हैसूर राज्य
(त्यातसुद्धा म्हैस होतीच).
मी ते फोडलं
आणि वाचायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.
आत एक अक्षर ओळखीचं नव्हतं.
मोड आलेल्या मटकीसारखी
शेपट्या काढून ओळींवर बसलेली सगळी.

आजोबांनी चष्मा लावला, काढला.
"भरमू हे कुठनं शिकला?"

हुक्केरीचा अडिवेप्पा त्याच्या खंदकात होता,
हे फार नंतर कळलं.
तोफा गप्प असल्या की रोज चार अक्षरं,
मातीवर संगिनीच्या टोकानं,
एका विडीला चार.

काकीनं पिठाचे हात लुगड्याला पुसले.
बोट ठेवून, ओठ हलवत,
तिसरीतली पोर वाचते तसं वाचलं.
एका जागी बोट थांबलं.
"काय लिवलंय गे काकी?"
"म्हशीचं," म्हणाली.
म्हशीचं वाचून कुणाचे कान इतके तापतात?

तशी तीन पत्रं आली.
लढाई पेटली. पाटलांच्या रेडिओभोवती
गाव कांबळी पांघरून बसायचं.
काकी आत, कंदील बारीक करून,
तेच कागद पुन्हा पुन्हा.
आणि मी रुसलेली. माझी नोकरी गेली होती.

काका परत आला,
डाव्या पायाची दोन बोटं तिकडं ठेवून.
म्हणजे पत्रं थांबली.
पुढं चाळीस वर्षं दोघं भांडली ती मराठीतच,
सगळ्यांदेखत, मिठावरून, पाहुण्यांवरून.
निंगव्वा कुणीच म्हटलं नाही, त्यानंही नाही.

एका साली पाट्यांना डांबर फासायला पोरं निघाली.
काकाही गेला, लंगडत,
डबा त्याच्याच हातात.
रात्री परतला तेव्हा काकी काही बोलली नाही.
रॉकेलात बोळा भिजवला,
त्याचा हात मांडीवर घेतला
आणि एकेक बोट पुसलं,
ज्या बोटांनी ती अक्षरं गिरवली होती ती जरा जास्त वेळ.
काका चुलीकडं बघत होता.
त्यानंतर तो डांबराला गेला नाही.
मोर्च्याला जायचा. तेवढं जायचाच.

गेल्या चैत्रात काकी गेली.
ट्रंकेत, जुन्या जंपरच्या घडीत, तीन इनलँड.
भावाची नात ईश्वरी, तिला शाळेत कन्नड.
म्हटलं, वाच बघू.
"निंगव्वा," ती म्हणाली.
मला उगाच मागं वळून बघावंसं वाटलं.
"पुढं?"
"एम्मे... म्हणजे म्हैस, आज्जी.
म्हैस व्याली का, विचारलंय."

म्हणजे काकी खोटं बोलली नव्हती.

पोरीनं पुढची ओळ मनात वाचली.
मग मान खाली घातली,
आणि तिचे कान.

मी कागद तिच्या हातातून काढून घेतला,
जुन्याच घडीवर मोडला.
"ऱ्हाऊ दे गे," म्हटलं,
"म्हशीचंच असणार."