निवटा

वीस टॅब आले त्या दिवशी
मी त्यांनाही दाखल क्रमांक दिले. सवय.
चार हजार दोनशे अकरापासून पुढे,
हिरव्या नोंदवहीत, शाईच्या पेनाने.
लेखक: रिकामं. पृष्ठे: रिकामं.
किंमत तेवढी लिहिली.
मोरवेकर सर हसले, म्हणाले,
बाई, यांना वाळवी लागत नाही.

खरंय. चार्जर मात्र लागतो.
घणसोलीच्या आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे
दुसऱ्या मजल्यावर जिन्याला चिकटलेली खोली,
सहा कपाटं, एक पंखा, आणि दोनच प्लग.
सकाळी पावणेसातला मी आधी टॅब लावते पाळीपाळीने,
मग खिडक्या उघडते.
पुस्तकं धीर धरतात.
बारा टक्क्यांवर येऊन लाल होत नाहीत.

तक्रार नाही ही.
सातवी ब चा दक्षेश
पुस्तक दिलं की पानाच्या कडेने नुसतं बोट फिरवायचा.
त्याला अक्षर मोठं करायला शिकवलं,
त्याने काचेवर दोन बोटं पसरली,
ओळ अख्खी वाचली, मोठ्याने,
आणि म्हणाला, बाई, हे आधी का नव्हतं?
नंबर निघाला साडेचार.
तीन वर्षं तो माझ्या टेबलासमोर बसत होता
आणि माझ्याच अक्षरात शेरा होता:
वाचनाची आवड नाही.

म्हणून मी टॅबबद्दल वाईट बोलत नाही.
निदान एकदम नाही.

गुरुवारी बोलून टाइप करायचा तास.
विषय: माझ्या परिसरातील एक जीव.
कुणी कावळा सांगितला, कुणी मांजर,
टॅबने निमूटपणे लिहून घेतलं.
मनस्वी मढवी म्हणाली, निवटा.
टॅबने लिहिलं, निवडा.
ती पुन्हा म्हणाली, निवटा.
निवडा.
मुलं हसायला लागली. ती ओरडली, निवटा!
निवडा, निवडा, काय निवडा,
जणू समोर दहा पर्याय मांडलेत
आणि हिला एक धड सांगता येत नाही.

मी म्हटलं, स्पष्ट बोल गं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग टॅब उलटा ठेवून म्हणाली,
मना येतं स्पष्ट. त्याला नय येत.

गेल्या वर्षी याच मुलीच्या वहीत
मी ‘मना’भोवती लाल गोल काढला होता,
वर लिहिलं होतं, ‘मला’.
सुबक अक्षरात. एकदा नाही, नऊ वेळा.
यंत्राने तर निदान लाल शाई वापरली नव्हती.

सहा कपाटं शोधली मी मधल्या सुट्टीत.
व्हेल सापडला. पेंग्विन सापडले,
एका पुस्तकात तर पेंग्विनचं अख्खं कुटुंब.
खाडी इथून चालत वीस मिनिटं,
आणि माझ्याकडे तिच्या चिखलातलं कुणीच नव्हतं.

तेव्हा मनस्वीनेच सांगितलं.
डोळे डोक्यावर असतात त्याचे.
ओहोटीला चिखलावर उड्या मारतो,
हातात धरला की सटकतो,
आजा बिळात हात घालून काढतो
आणि कालवण आंबट लागतं, मस्त लागतं.
परराज्यातून आलेला निशांत विचारत होता,
मासा चालतो म्हणजे काय?
तिने हाताचे पंजे बाकावर टेकवले
आणि चालून दाखवलं.

मग आम्ही सेटिंगमध्ये गेलो.
तिथे एक जागा असते, खूप आत,
‘शब्द जोडा’ म्हणतात तिला.
मला माहीत नव्हती, दक्षेशने शोधली.
एकेक टॅब उघडायचा, जोडायचा, तपासायचा.
निवटा. मग कुणी म्हणालं चिंबोरी, मग उघाडी,
मग, जरा थांबून, माझ्याकडे न बघता,
मना.

घंटा झाली तेव्हा दहा टॅब झाले होते.
अकराव्याने मान टाकली, चार्जिंग संपलं.
नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
क्र. ४२२१, अजून ‘निवडा’ म्हणतो.
सोमवारी बघायचं.