अंगावर काढलेलं

उंगुजाच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटी लागली
की आम्ही मांडीभर पाण्यात शिरतो,
दोऱ्यांना शेवाळाची रोपं बांधत
भरती येईस्तोवर वाकलेल्या.
म्हणून तीन महिने मी सगळा दोष खाऱ्या पाण्याला दिला.

खाज सुटली: मीठ.
लघवीला आग: मीठ.
कांग्याच्या आतल्या घडीवर हिरवट पिवळा, फेसाळ डाग,
आणि वास, मासळीचा म्हणावा
तर घरात आठवडाभर मासळी शिजली नव्हती.
साबणाने धुतलं. लिंबाच्या पाण्याने धुतलं.
आग भडकलीच.
अंगावरून जातंय म्हणतो आपण
आणि अंगावरच काढतो.

म्वानाखेरीला सांगायचं कितीदा ओठांवर आलं,
पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला
तीही अवघडून उभी असायची.

दवाखान्यात मायसाराने दार लावून घेतलं,
रंग विचारला, कापडाचा विचारावा इतक्या सहज.
"अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, ताणलं जाणारं,
महिन्याच्या मध्यावर येतं ते तुझंच पाणी,
त्याला भ्यायचं नाही.
फाटलेल्या दुधासारखं, सोबत खाज, ते निराळं,
त्याचं औषध निराळं.
हे तुझं तिसरंच दिसतंय. पण नुसत्या वासावरून
मी कुणाला नाव ठेवत नाही. तपासू.
आणि ऐक, ओटीपोट दुखलं, ताप आला,
मध्येच रक्त दिसलं, दिवस राहिलेले असले,
तर ओहोटी-भरती बघत बसायचं नाही."

कापसाची काडी. क्षणभर.
एवढ्यासाठी तीन महिने?

मग तिने मला भिंगातून बघू दिलं.
नासपतीच्या आकाराचं काहीतरी
शेपट्या झाडत, झटके देत पोहत होतं.
मी पाण्यातली बाई, पोहणारं सगळं ओळखते.
हे ओळखलं नाही.

"हे समुद्रातून येत नाही," मायसारा म्हणाली
आणि टेबलावर गोळ्यांची पाकिटं ठेवली.
दोन.
मकामेची होडी पेम्बाहून शुक्रवारी परतते.
तोवर मला वाक्य जुळवायचंय.
त्याने गिळेपर्यंत, आणि पुढचा आठवडाभर,
चटई वेगळी.
तीन महिन्यांनी परत तपासणी, तिने चिठ्ठीवर लिहिलंय.

परतले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत उतरलेलं.
दोरीचं माझं टोक उचललं, गाठ मारली,
दुसरी मारली,
आणि म्वानाखेरीकडे न बघता विचारलं,
"तुझा रंग कसा आहे गं?"

ती वाकलेलीच राहिली.
मग पहिल्यांदाच पाठ सरळ केली.