अकरा सेंटिमीटर, दोन्हीकडून

शाळेची डागडुजी निघाली तेव्हा आर्वोचा फोन आला,
"बाई, तुमच्या भूगोलाच्या वर्गातले ब्लाइंड्स भंगारात चाललेत.
हवेत का?"
हवेत की नकोत याचा विचार मी बसमध्ये केला,
परतताना. गुंडाळी तेव्हा मांडीवर आडवी होती,
एकशे साठ सेंटिमीटर,
आणि ड्रायव्हर आरशातून असा बघत होता
जणू मी कुणाची खिडकीच पळवून नेतेय.

जूनमध्ये तार्तूला रात्र नावापुरती येते.
अकरा वाजता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येतात,
दोनला पाखरं सुरू.
नवव्या मजल्यावर आड यायला झाडही नाही.
पडदा हवाच होता. पण माझी खिडकी एकशे अडतीस.

शेजारचा हेल्दुर, बोटींच्या इंजिनात जन्म गेलेला,
पत्र्याची कात्री घेऊन आला आणि एवढंच म्हणाला,
"एकाच बाजूने कापलंस तर भोकं सरकतील.
दोन्हीकडून सारखं. मापात पाप नको."
बावीस भागिले दोन.

खालची गाठ सोडली, दोरी ओढून घेतली.
बहात्तर पट्ट्या सैल झाल्या,
मासळीच्या काट्यासारख्या नुसत्या टेकून राहिल्या.
उंचीला नऊ जास्त होत्या, त्या काढल्या.
उरलेल्या टबात. कोमट पाणी, मूठभर सोडा,
हातात जुना पायमोजा घालून एकेक पुसायची.
पाण्यावर तवंग आला तो खडूचा.
माझाच असणार, बत्तीस वर्षांचा.

एकेचाळिसाव्या पट्टीवर मोजा थांबला.
पेन्सिल. बारीक, सरळ ओळीत:
वोहान्दू १४४, पार्नू १६२.
फळ्याजवळून पाहिलं तर कोरं पांढरं,
खिडकीशी बसून पाहिलं तर एस्टोनियातल्या नद्या.

आणि उलट्या!
वोहान्दू एकशे बासष्ट. पार्नू एकशे चव्वेचाळीस.

मग मी टबाच्या काठावर बसले,
कारण खिडकीकडची रांग दरवर्षी
हीच चूक करायची.
हीच. दुसरी नाही.
मुलं बदलली, बाकं बदलली, देशाच्या नोटासुद्धा बदलल्या,
चूक तीच.
मला वाटायचं माझंच शिकवणं कुठेतरी वाकडं.
जादा तास घेतले त्या दोन नद्यांवर,
नकाशावर निळी लोकर अंथरून लांबी मोजून दाखवली,
एका फेब्रुवारीत तर मुख्याध्यापिकेला म्हणाले,
मला आता जमत नाही, हा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या.
(ती म्हणाली, चहा घे.)

हसू उशिरा आलं. आधी राग,
त्या पहिल्या पोराचा,
ज्याला कॉपीसुद्धा धड करता आली नाही.
ताइवो असेल? की त्याचा धाकटा भाऊ?
चारचं पोट उघडं ठेवायची सवय कुणाची होती
आठवत नाही. हजारो चार तपासलेत मी.

"माइमू, झालं का?" हेल्दुर बाहेरून.
"नाही," म्हटलं, "एक पट्टी घाण आहे अजून."

ती धुतली नाही.
कापली मात्र, नियमाप्रमाणे, अकरा आणि अकरा.
डावीकडच्या तुकड्यात नदीचं नाव गेलं,
आकडा खिडकीत राहिला.
कोपरे कानशीने गोल केले, दोरी ओवली, गाठ मारली.
आता रात्री एक वाजता उजेड
एकशे चव्वेचाळीसवर येऊन अडतो
आणि मी कूस बदलते.

एकशे सव्वीस तुकडे उरले.
हेल्दुर म्हणाला, फेक. मी कुंड्यांत खोचले:
शेपू, मुळे, पुदिना.
टोमॅटोच्या वेळी हाताला लागला तो आधीच लिहिलेला.
राहू दिला.

बाल्कनीत, दक्षिणेच्या कोपऱ्यात,
वोहान्दू.
लांबी, आजच्या तारखेला,
करंगळीएवढी.